शेंगेतली बैठक

इंगवले सर कुठल्याही खुर्चीवर थेट बसत नसत. आधी ती पाठीला धरून हलवत, मग उलटी करत, खालचे सांधे अंगठ्याने दाबून बघत आणि मगच बसत. लग्नाचा मांडव असो, डॉक्टरांचा दवाखाना असो की मुख्याध्यापकांची खोली. एकदा शाळेच्या तपासणीला साहेब आले होते. सुतारकामाचा तास बघायला ते वर्गात मागे जाऊन बसले आणि खुर्ची करकरली. सर मुलांना रंधा कसा धरायचा ते सांगत होते, ते मधेच थांबले. "साहेब, जरा उठता काय?" साहेबांना वाटलं, हार-बीर घालायचा असेल. ते हसतमुखाने उठले. सरांनी खुर्ची उचलून टेबलावर पालथी घातली, मुलांना भोवती गोळा केलं आणि पुढचा सगळा तास त्या खुर्चीचा सांधा का ढिला झाला आणि पाचर कुठं मारायची यावर घेतला. साहेब तोवर भिंतीला टेकून उभे. त्यांनी शेरा काय मारला मला ठाऊक नाही, पण जायच्या आधी ते त्या खुर्चीवर परत एकदा बसून बघून गेले.

मी त्याच शाळेत भूगोल शिकवायचे. लग्न होऊन पुण्याहून कोल्हापुरात आले तेव्हा इथल्या लोकांच्या आवाजाचीच मला धास्ती वाटायची. कुणी "जेवलासा काय" म्हणून विचारलं तरी वाटे, आता हे भांडणार. त्यात इंगवले सर म्हणजे आवाजाचं कोठारच. सुतारकामाची खोली मैदानाच्या टोकाला होती, पण सर तिथून बोलले की माझ्या वर्गातली मुलं दचकून नद्यांची नावं विसरत. अंगाने आडवे, मान खांद्यात गेलेली, तरुणपणी कुस्ती केलेली. उजवा कान कुस्तीत चेपून मोदकासारखा झाला होता, त्यावर पेन्सिल राहायची नाही, म्हणून ती डाव्या कानावर.

त्यांचा एक शब्द होता, बसणं. जगातल्या सगळ्या गोष्टी त्यांच्या लेखी दोनच प्रकारच्या. बसणाऱ्या आणि न बसणाऱ्या. खाचेत खुंटी बसली पाहिजे, वेळापत्रकात तास बसला पाहिजे, सुनेचा सासूशी मेळ बसला पाहिजे. त्यांनी लग्न केलं नव्हतं. शाळेतल्या एका आगाऊ मास्तरांनी विचारलंच, का हो केलं नाही? सर म्हणाले, "कुटं बसलंच न्हाय." झालं, विषय संपला.

एकदा आमच्या घरी सत्यनारायणाला आले. प्रसाद हातात घेतला, दाराकडे बघितलं, प्रसाद तोंडात टाकला आणि दार उघड-मीट करायला लागले. पावसाळ्यात फुगून ते चौकटीला घासायचं. मी म्हटलं, "सर, असू दे हो, राहू दे." "असू दे कसं? रोज तुमच्या अंगावर वराडतंय ते दार आनि तुमी असू दे म्हणता." दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी हे रंधा घेऊन हजर. माझे यजमान लुंगीवर दाढी करत होते, त्यांना म्हणाले, "पावणं, बाजूला व्हा." स्वतःच्या घरात पाहुणा झालेला माझा नवरा अर्धी दाढी घेऊन गच्चीवर जाऊन बसला. दार मात्र आम्ही ते घर सोडेपर्यंत परत घासलं नाही.

सरांच्या घरी त्यांची धाकटी बहीण होती, शालन. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही पाय लुळे पडले होते. घरात ती हातांवर सरकत हिंडायची. सरांनी तिला चाकांचा एक बुटका पाट करून दिला होता, अंगणात त्यावरून ती अशी सुसाट जायची की कोंबड्या पळत. हातमशीनवर ब्लाउज शिवायची. सगळ्या पेठेच्या बायका तिच्याकडे. जिभेला धार भावासारखीच. मी पहिल्यांदा माप द्यायला गेले तर टेप गुंडाळत म्हणाली, "जुनं माप इसरा बाई, कोल्हापूरचं दूध लागलंय तुमास्नी." इथल्या बायकांसारखीच ती स्वतःबद्दल बोलताना "मी आलो, मी गेलो" असं म्हणायची. मला आधी नवल वाटायचं. पुढे मीच एकदा घरी "मी येतो हं जाऊन" म्हणून गेले आणि यजमानांचा चहाचा कप तोंडाशीच थांबला.

दोघं भावंडं शिरोळकडची, कृष्णाकाठची. तिथं पूर आला की गुऱ्हाळातली काहील, म्हणजे उसाचा रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई, पाण्यात लोटायची आणि तीत बसून माणसं इकडून तिकडं न्यायची, अशी रीत. शालन मला सांगायची, "पूर आला की सगळी रडायची बाई, मला आतनं बरं वाटायचं. काहिलीत समदीच बसून. पाय कुणाच्याच कामाचं न्हाईत. आनि हात माजंच सगळ्यांत जोरकस." सरांनी तिला विहिरीत पाठीला पत्र्याचा डबा बांधून पोहायलाही शिकवलं होतं. पुढे डबा सुटला, पण कोल्हापुरात आल्यावर विहीरही सुटली. इथे ती बाहेर जायची ती सरांच्या पाठीवर बसून. देवळात, दवाखान्यात, रंकाळ्यावर. चाळिशीकडे झुकलेली बाई, आणि भावाच्या पाठीवर. लोक बघायचे. सर मोठ्याने सगळ्यांना नमस्कार घालत चालायचे. ती मात्र डोळे मिटून घ्यायची, हे मी बघितलं आहे.

रंकाळ्याच्या पाण्यात संध्यामठ आहे. उन्हाळ्यात तळं उतरलं की तो उघडा पडतो, पावसानंतर पाण्यात उभा असतो. घाटावर बसलं की शालन त्याच्याकडे बघत राहायची. एकदा मी विचारलं, काय बघतेस गं? "मला तितं जायाचं हाय," ती म्हणाली. "त्याला वळसा घालून यायाचं. कुणाच्या पाठीवर न्हाय, कुणाच्या होडीत न्हाय. माजी मी." तिथे भाड्याच्या होड्या होत्या. मी म्हटलं, होडीवाल्याला सांगू. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी भेळेच्या पुडीत तोंड घातलं.

हे सरांना माहीत होतं, पण त्यावर काय करायचं ते बसत नव्हतं. मग माझा टुंड्राचा तक्ता फाटला. भिंतीवरच्या तक्त्याची खालची दांडी निघाली म्हणून मी तो सुतारकामाच्या खोलीत नेला. तक्त्यावर बर्फाचं घर, कुत्र्यांची गाडी आणि एका कोपऱ्यात कयाक. लांबोडकी, दोन्ही टोकांना निमुळती, वरून झाकलेली होडी. मधे एक भोक आणि त्यात कमरेपर्यंत आत गेलेला एस्किमो, हातात दोन्ही टोकांना पळी असलेलं वल्हं. मी ती वर्षानुवर्षं शिकवत होते, परीक्षेत दोन मार्कांना विचारत होते, पण तिच्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. सरांनी तक्ता उजेडाला धरला आणि कयाकवरून अंगठा फिरवला.

"बाई, ह्याचं पाय कुटं हायत?"

"आत. पाय पसरून बसतात ते."

"म्हंजे हुबं ऱ्हावं लागत न्हाय."

"नाही. उभं राहिलं तर उलटेल."

"मग पाय लागतच न्हाईत म्हणा की."

दांडी बसवायची तशीच राहिली. तक्ता मला दिवाळीच्या सुट्टीनंतर मिळाला, त्यावर सगळीकडे पेन्सिलीच्या रेघा. एस्किमोच्या पोटावर सुद्धा माप टाकलेलं.

सरांच्या अंगणात पत्र्याखाली ती होडी उभी राहायला लागली. खोक्यांच्या देवदाराच्या लांब पट्ट्या, आत आडव्या बरगड्या, वरून कापड ताणून त्यावर रंगाचे हात. शाळा सुटली की सर घरी, आणि पेठेतले रिकामटेकडे सरांच्या घरी. एक म्हणाला, गवारीची शेंग दिसत्या. झालं, तिचं नाव शेंग पडलं. दुसरा म्हणाला, मास्तर, पाण्यात जाईल तवा बघू. सर म्हणाले, "तू अंघूळ कधी केलास ते आधी सांग, मग पाण्याचं बोल." शालन मशीन ओट्यावर घेऊन बसायची, शिवता शिवता नजर सारखी शेंगेकडे. तेव्हाचं तिचं तोंड मला आठवतं. मुलीचं लग्न ठरल्यावर आईचं असतं तसं, आनंदाचं आणि काळजीचं एकदम.

होडी झाली. खरी गोष्ट पुढे होती, ती म्हणजे आतली बैठक. सर म्हणायचे, बाहेरचं काम पाण्यासाठी, आतलं माणसासाठी. धडधाकट माणूस अशा होडीत पायांनी आतून दाब देऊन तोल धरतो. शालनचे पाय दाब देणार नव्हते. मग होडीनेच तिला धरायला हवं. सर पडले कुस्तीवाले. धरणं म्हणजे पकड. त्यांनी सपाट फळीची बैठक केली, पाठीला टेकू दिला, मांड्यांवर फिरकीने लागणाऱ्या लाकडी पट्ट्या बसवल्या. आणि पाय इकडेतिकडे लोळू नयेत म्हणून पुढच्या आडव्या फळीवर काय ठोकावं? अस्सल कोल्हापुरी चपलांचा जोड. नवा, करकरीत, अंगठ्याचा. "तिला कधी चपला घालाय मिळाल्या न्हाईत," ते मला म्हणाले, "आता घालू दे."

पण बघा, पाऊस लागला की मुलांच्या पायांतल्या चपला काढायला लावणारा, "चामडं भिजीवतोस व्हय" म्हणून ओरडणारा हा माणूस. भिजलं की चामडं फुगतं, ही सगळ्या कोल्हापूरला माहीत असलेली गोष्ट त्याला त्या दिवशी सुचली नाही. सरांनी शेंगेची परीक्षा शालनच्या वजनाची वाळूची पोती आत घालून केली होती. पोती मजेत तरंगली. पोत्यांना पाय नसतात आणि ती बुडून मरतही नाहीत.

पहिल्या दिवशी आम्ही तिघंच गेलो. पहाटेचा फिरायला येणाऱ्यांचा गलबला ओसरला होता. कमरेइतक्या पाण्यात सर शेंगेला धरून उभे, शालन आत, मी पायरीवर तिची चादर घेऊन. तिने वल्हं मारलं आणि शेंग निघाली. किती सहज निघाली. सर शेजारून पाण्यातून चालत होते आणि ओरडत होते, "डावा हात, डावा, आता उजवा, हळू की गं, सरळ बस, सरळ." ते तिला आयुष्यभर हेच सांगत आले होते, सरळ बस. ती सरळ व्हायला गेली, कूस बदलली आणि शेंग पालथी झाली.

वर आला तो शेंगेचा पांढरा तळ. शालन वर आली नाही. सरांनी होडी धरून सुलटी करायला बघितली, ती हातातून निसटली. मग ते पाण्याखाली गेले. मी पायरीवर उभी होते आणि मला काही करता येत नव्हतं. देवाचं नावसुद्धा आठवलं नाही. तिला आत बसवताना शिरलेल्या पाण्याने चपलांचं चामडं आधीच भिजून फुगलं होतं आणि अंगठे तिच्या बोटांना धरून बसले होते. सरांनी मांड्यांवरच्या पट्ट्या सोडवल्या आणि पायांकडची फळीच उपटली. शालन वर आली ती फळीसकट, दोन्ही पायांत चपला घातलेल्या तशाच.

पायरीवर तिला ठसका लागला, पाणी पडलं. मला वाटलं, ती आता रडेल. तिने पायांकडे बघितलं, मग भावाकडे.

"आण्णा, तू मला बसीवलं न्हाईस," ती म्हणाली. "तू मला ठोकून ठेवलंस."

घरी जाताना सर तिला पाठीवरच घेऊन गेले, पण त्या दिवशी रस्त्यात कुणाला नमस्कार घातला नाही.

नंतर कितीतरी दिवस सुतारकामाच्या खोलीतून आवाज आला नाही. मुलं नद्यांची नावं बिनचूक सांगत होती आणि मला चैन पडत नव्हतं. मधल्या सुट्टीत मी गेले. सर रिकाम्या बाकाकडे बघत बसले होते. म्हणाले, "बाई, शेंग फोडून टाकतो. चूल तरी पेटंल." मी म्हटलं, शालनला विचारलंत? "तिला काय इचारू? मारलीच हुती की मी तिला." ते एवढ्या हळू बोलले की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

मी संध्याकाळी ब्लाउजचं निमित्त काढून शालनकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती हुक लावत होती. तिने सुई टोचून ठेवली आणि आतल्या खोलीकडे तोंड करून अशी हाक मारली की शेजारची म्हैस उठून उभी राहिली. "आण्णा. शेंगंला हात लावशील तर बग. मी बुडलो, तू न्हाईस. आता मी सांगतो तसं कर. वर असताना धरलं पायजे, खाली झालं की सोडलं पायजे. एवढंच हाय." सर दारात येऊन उभे राहिले. "एवढंच हाय व्हय?" ते म्हणाले, आणि इतक्या दिवसांनी आवाज मूळ जागी आला. "एवढंच करण्यात लोकांचं संसार गेलं, बाई."

मग सुरू झालं ते खरं काम. त्या माणसाचं डोकं कुठे चालावं? तालमीत. कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती, ताक-तेल-हळद घालून मऊ केलेली. तिच्यावर पडलेल्या मल्लाच्या पाठीचा ठसा बघून वस्ताद सांगायचे, याचा कुठला खांदा टेकला आणि कुठला नाही. सर वस्तादांकडे गेले आणि दोन घमेली माती मागितली. वस्ताद म्हणाले, हौद्याची माती बाईमाणसाच्या बुडाखाली? सर म्हणाले, "वस्ताद, माती आईच हाय न्हवं? मग लेकीला मांडीवर घ्यायला तिला काय झालं?" वस्तादांनी दोनाची तीन घमेली दिली, आणि वर त्यात तेल किती घालायचं तेही सांगितलं.

ती सकाळ मी पाहिली आहे. शेंग अंगणात दोन बाकांवर. आत फळी, फळीवर मातीचा जाड थर, त्यावर ओलं धोतर. शालनला आत बसवलं. सर म्हणाले, "आता सरळ बस म्हणणार न्हाय. तुला कसं येतंय तसं बस." ती बसली. वल्हं घेऊन हवेतच मारलं, डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली. मग कडेला धरून हातांवर स्वतःला वर उचलून घेतलं, ओट्यावर सरकली. सरांनी धोतर बाजूला केलं.

मातीत डावी बाजू खोल गेली होती. उजवी नुसती टेकली होती. तिचं कंबरेचं हाडच एका बाजूला उतरलेलं होतं. सरळ बसणं म्हणजे तिला सतत एका अंगाने स्वतःला उचलून धरणं होतं, मशीनवर, पाटावर, जेवताना, कायम. सर त्या ठशाकडे बघत उभे राहिले. त्यांनी हात पुढे केला, पण मातीला लावला नाही.

"कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"पयल्यापासनं."

"सांगितलं न्हाईस कधी."

"इचारलंस कधी?" शालन म्हणाली, पण रागाने नाही. सरांनी डोळ्याला लावायला बाही वर नेली आणि मग बाहीला तेल लागलंय म्हणून बायकांसारखं दंडाने डोळे पुसले. मी चहा टाकायला आत गेले. मला कुणी सांगितलं नव्हतं.

पांगाऱ्याचं लाकूड हलकं असतं, भिजलं तरी जड होत नाही. त्याच्या ओंडक्यातून सरांनी त्या ठशाबरहुकूम बैठक कोरली. पटाशीने, मग गोल कानशीने, मग काचेच्या तुकड्याने खरवडून. उजवी बाजू उंच ठेवली. पाठीच्या टेकूला सावरीचा कापूस भरून रेक्झीन शिवलं, ते शिवलं शालननेच. मांड्यांवरच्या पट्ट्या गेल्या. त्यांच्या जागी होडीच्या कुशीला दोन्हीकडे आतून उशा, म्हणजे झुकलं तर आधार आणि निघायचं तर अडथळा नाही. पायांना उघड्या दोन खळग्या. सर म्हणत, "वजनानं बसायचं, आनि वजनानंच सुटायचं. मधी कुणी न्हाय." भोकाच्या कडेला हाताला धरायला गोल गुळगुळीत काठ केला. रोज एकदा शालनला बसवायचं, ती बोटाने दाखवायची, इथं टोचतंय. सर तिथं खडूची खूण करायचे आणि परत कानस. एवढ्याशा जागेवर हा माणूस किती दिवस घासत होता, मी मोजले नाहीत. पेठेतले रिकामटेकडेही कंटाळून यायचे बंद झाले. ज्या दिवशी ती बसली आणि काहीच बोलली नाही, त्या दिवशी सरांनी कानस खाली ठेवली. ती मान टेकून, डोळे मिटून बसली होती. सर कुजबुजले, "झोपली काय?" "गप की," शालन म्हणाली, "जरा बसू दे."

परत रंकाळा. या वेळी शालनने अट घातली. पालथी ती मुद्दाम करणार, आणि सरांनी तिला हात लावायचा नाही. सर कमरेइतक्या पाण्यात, दोन्ही हात पाठीमागे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून. तिने श्वास घेतला आणि कलली. पांढरा तळ वर आला. सरांच्या मानेच्या शिरा मला पायरीवरून दिसत होत्या. आणि मग शेंगेच्या पलीकडे तिचं डोकं आलं, केस तोंडावर चिकटलेले, एक हात शेंगेवर. "सुटलो," ती म्हणाली. मग तिने परत केलं. आणि परत. शेवटी मीच ओरडले, पुरे कर गं बाई, मला घरी स्वयंपाक आहे.

त्यानंतर सरावाला घाटावर सरांचा आवाज रोज. "डावीकडं, डावीकडं, अगं वारा बग." फिरायला येणारे थांबून सल्ले द्यायला लागले. शालन वैतागली. तेवढ्यात माझ्या यजमानांची बदली झाली, सामान बांधायला लागलो आणि माझं जाणं थांबलं. जायच्या आदल्या दिवशी सर सकाळी दारात आले. खुर्ची दिली तर ती न तपासता बसले, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं आहे. "आज ती जायाची म्हणत्या. मठाला. एकटी. तुमी यावं म्हणत्या." मी पदर खोचला आणि तशीच निघाले.

घाटाच्या पायरीवरून शेंगेपर्यंत फळी टाकली होती. शालन फळीवरून स्वतः सरकत गेली, काठ धरून आत उतरली, कुशीच्या उशांमध्ये बसली. वल्हं घेतलं. मग भावाला म्हणाली, "आण्णा, तिकडं तोंड कर."

"का?"

"तू बगालास की माजं हात आकडत्यात. मी काठाला लागेपतुर मागं बगायचं न्हाय. आनि बोलायचं न्हाय. शपथ हाय."

सर पायरीवर बसले. तळ्याकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. मला कधी वाटलं नव्हतं की तो माणूस इतका लहान दिसू शकेल. शेंग निघाली. मी त्यांच्या शेजारी पाण्याकडे तोंड करून उभी राहिले.

"कुटवर गेली?"

"सर, बोलायचं नाही म्हणाली आहे."

"तिच्याशी. तुमच्याशी न्हाय."

"मधे आहे. सरळ चालली आहे."

"झुकत्या काय?"

"नाही."

येणारे-जाणारे विचारत होते, काय सर, आज रस्त्याकडं तोंड? "ऊन घेतोय," सर म्हणत. ऊन त्यांच्या पाठीवर होतं. शेंग मठापाशी पोचली, लहान झाली, वळली, आणि मठाच्या मागे गेली.

"आता?"

"आता दिसत नाही. मागे गेली."

सरांनी आपल्या गुडघ्यांवर हात ठेवले आणि ते घट्ट धरले. तळ्यावर वारा होता, मठ होता, आणि बाकी काही नव्हतं. मला त्या वेळी वाटलं, हा माणूस आता वळेल, उडी टाकेल, पोहत जाईल. त्यांची पाठ दोनदा हलली. पण ते वळले नाहीत.

आणि मग मठाच्या दुसऱ्या बाजूने शेंगेचं टोक आलं.

"आली," मी म्हटलं. "सर, वळसा घालून आली."

त्यांनी मान हलवली. त्यांच्या तोंडावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांना सुचत नव्हतं. समोरून सायकलला दुधाच्या किटल्या अडकवलेला एक अनोळखी माणूस चालला होता. सरांनी त्याला हात केला, आणि अख्ख्या रंकाळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"पावणं, जरा थांबा. माज्या मागं तळ्यात बगा. होडी दिसत्या?"

त्या माणसाने एक पाय खाली टेकला, कपाळावर हात धरून बघितलं. "दिसत्या की. एक बाई हाय."

"आनि कोण हाय?"

"कोन न्हाय. एकटीच हाय."

"हां," सर म्हणाले. "जावा आता."

तो गेला. सर तसेच बसून राहिले, रस्त्याकडे तोंड करून.